रिपोर्ट ‘हाय रिस्क’ आला, म्हणजे बाळालाच दोष आहे का?

वय 29, पहिलंच गरोदरपण, बारावा आठवडा. एनआयपीटीच्या (आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणाऱ्या चाचणीच्या) रिपोर्टवर लिहिलेलं, ‘ट्रायसोमी 13, हाय रिस्क’, म्हणजे 13 वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असण्याचा धोका जास्त. सोनोग्राफी मात्र निर्दोष: मेंदूचे दोन्ही भाग वेगळे, ओठ नीट, दोन्ही हातांना पाच-पाच बोटं. नवऱ्याचा हिशेब सरळ होता. चाचणी 99 टक्के अचूक, म्हणजे बाळाला आजार असण्याची शक्यता 99 टक्के.

घोळ इथेच होतो. या वयाच्या दहा हजार गरोदर स्त्रिया घेतल्या, तर खरी ट्रायसोमी 13 जेमतेम दोघींच्या बाळांत असते. खोटे पॉझिटिव्ह मात्र सुमारे चार निघतात. सहा रिपोर्टांत खरे दोन!

आता खोटे का निघतात ते. आईच्या रक्तात सापडणाऱ्या ज्या डीएनएला आपण ‘बाळाचा’ म्हणतो, तो असतो वारेच्या (प्लॅसेंटाच्या) पेशींचा. वार आणि बाळ एकाच फलित बीजातून होतात खरे, पण पहिल्या आठवड्यातच पेशींच्या वाटा फुटतात. बाहेरच्या पेशींची वार होते, आतल्या पुंजक्यातून बाळ. जादा गुणसूत्र फक्त बाहेरच्या पेशींत राहिलं, तर रिपोर्ट बिघडतो आणि बाळ धडधाकट असतं.

“मग आजच सीव्हीएस (वारेचा तुकडा काढून तपासणी) करून टाकू ना?” बाईंना थांबणं नको होतं, आणि ते समजण्यासारखंच आहे. पण सीव्हीएसमध्येही तपासतात ती वारच, म्हणजे साक्षीदार पुन्हा तोच. सोनोग्राफीत व्यंग दिसलं असतं तर सीव्हीएसच सुचवलं असतं. इथे पंधरा आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबून गर्भजल तपासायचं ठरलं.

सोनोग्राफीत बघत सुई घातली. पहिले दोन मिली पाणी टाकून दिलं, कारण त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात. मग 15 ते 20 मिली घेतलं. त्यात बाळाच्या त्वचेच्या आणि मूत्रमार्गाच्या पेशी असतात. अनुभवी हातांत गर्भपाताचा धोका अर्ध्या टक्क्याहून कमी. बाईंचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यामुळे अँटी-डीचं इंजेक्शन दिलं, म्हणजे आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होत नाहीत. हे विसरलं जातं, म्हणून आधीच विचारावं.

तिसऱ्या दिवशी क्यूएफ-पीसीआर (ठरावीक गुणसूत्रांची झटपट तपासणी) नॉर्मल, दोन आठवड्यांनी कॅरिओटाइपही (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी). तरी फाइल मिटली नाही. दोष वारेत असेल तर बाळाची वाढ मंदावू शकते. 16 व्या गुणसूत्राच्या बाबतीत हे जास्त दिसतं. म्हणून 28 व्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी वाढीची सोनोग्राफी लिहून दिली.