पाच दिवस, आठ तास, तीन सह्या : परदेशी विद्यापीठात शिकवायला जाणाऱ्यांचे प्रश्न

*जर्मनीतल्या एका विद्यापीठातून 'इरॅस्मस प्लसमधून आठवडाभर शिकवायला या' असा ईमेल आला आहे. अर्ज कुठे आणि कसा करायचा? मला मे महिन्याच्या सुट्टीत जाणं सोयीचं आहे.*
– साहाय्यक प्राध्यापक, रसायनशास्त्र, सातारा

इरॅस्मस प्लस म्हणजे विद्यार्थी-शिक्षकांच्या देवाणघेवाणीला पैसे देणारी युरोपीय संघाची योजना. तिचा अर्ज तुम्ही करायचा नसतो, तुमच्या कॉलेजनेही करायचा नसतो. युरोपीय विद्यापीठ आपल्या देशातल्या राष्ट्रीय एजन्सीकडे अर्ज करतं, साधारण फेब्रुवारीत. जर्मनीत हे काम डाआड (DAAD, जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा) बघते. मंजूर प्रकल्प २४ किंवा ३६ महिन्यांचा असतो आणि त्याच पैशातून दोन्हीकडची माणसं ये-जा करतात. तेव्हा उत्तर पाठवताना आधी एवढंच विचारा, की भारताचा समावेश असलेला प्रकल्प मंजूर झाला आहे, की अजून अर्ज करायचा आहे? दुसरं उत्तर आलं तर हा मे विसरा, पुढचा बघा.

मंजूर असेल तर दोन कागद लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला संस्था-संस्थांमधला करार. तो पहिला माणूस विमानात बसण्याआधी झालेला असायला हवा. दुसरा तुमच्या एकट्याच्या दौऱ्याचा, 'मोबिलिटी अ‍ॅग्रीमेंट'. त्यात काय शिकवणार, कोणाला, किती तास हे लिहून त्याखाली तीन सह्या होतात: तुमची, तुमच्या कॉलेजची आणि यजमान विद्यापीठाची. कॉलेजची सही प्राचार्यांची की संस्थेच्या सचिवांची, हा घोळ आपल्याकडे महिनाभर चालू शकतो. तो आधी मिटवा.

आता तारखा. भारतातून जाणाऱ्यांसाठी किमान मुक्काम सलग पाच दिवसांचा, प्रवासाचे दिवस वगळून. सोमवारी संध्याकाळी पोचवणारं आणि शुक्रवारी दुपारी परत आणणारं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून घेतलं, तर पाच दिवस भरत नाहीत आणि अनुदानच अडचणीत येतं. शनिवारी रात्री निघा, रविवारी पोचा, पुढच्या शनिवारी परतीला लागा.

शिकवण्याचे तास आठवड्याला किमान आठ (प्रशिक्षणही जोडलं असेल तर चार). आठ तास म्हणजे काहीच नाही, असं आठवड्याला सोळा-अठरा लेक्चर घेणाऱ्याला वाटतं. पण तिथला विभाग तुमच्यासाठी वेळापत्रक रिकामं करत नाही. चालू असलेल्या विषयांत जागा शोधावी लागते. सोमवारी एक, मंगळवारी दोन, बुधवारी एक अशा नव्वद-नव्वद मिनिटांच्या तासिका आधी पक्क्या करा. जर्मनीत 'तास' बऱ्याचदा ४५ मिनिटांचा धरतात, म्हणजे नव्वद मिनिटांची तासिका दोन तास. यजमान हिशेब कसा करतात ते ईमेलवर लिहून घ्या. गुरुवार-शुक्रवार मोकळे ठेवा. एखादा वर्ग रद्द झाला तर तिथे ढकलता येतो.

तुमचा मे महिना मात्र अगदी योग्य आहे. जर्मनीत उन्हाळी सत्राचे वर्ग साधारण एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, हिवाळी सत्राचे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. म्हणजे आपली उन्हाळी सुट्टीही जमते आणि दिवाळीचीही. मार्च किंवा ऑगस्टमध्ये गेलात तर इमारत दिसेल, विद्यार्थी दिसणार नाहीत. मेमध्ये एकच सांभाळा: १ मे सोडून आणखी एक सुट्टी हमखास गुरुवारी येते, ईस्टरनंतर एकोणचाळिसाव्या दिवशी. जोडून शुक्रवारही बरेच जण घेतात. तो आठवडा टाळा.

*व्हिसा कधी, कुठल्या देशाचा? पाच दिवस जर्मनीत शिकवून पुढे पॅरिसला भावाकडे आठवडाभर राहायचा विचार आहे.*
– सहयोगी प्राध्यापिका, नाशिक

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला पंधरा दिवस धरलेले असले तरी ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. खरी अडचण त्याही आधीची, अपॉइंटमेंटची. एप्रिल-मेमध्ये अख्खा महाराष्ट्र मुलांना घेऊन स्वित्झर्लंडला निघालेला असतो. मेमध्ये जायचं तर फेब्रुवारीतच तारीख मिळवा. फी ९० युरो (जून २०२४ पासून), विमा किमान ३० हजार युरोचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

देशाचा नियम असा की मुख्य मुक्काम जिथे, त्या देशाचा व्हिसा. 'मुख्य' दिवसांवरूनही ठरतो, हेतूवरूनही. पाच दिवस जर्मनी आणि सात दिवस फ्रान्स असं लिहून जर्मन व्हिसा मागितला, तर खिडकीवरच प्रश्न निघेल. पॅरिस तीन दिवसांवर आणा. ते तीन दिवस ड्यूटी लीव्हमध्ये बसत नाहीत, त्यांची रजा वेगळी टाका आणि विमा सगळ्या दिवसांचा काढा.

अर्ज नाकारतात तेव्हा छापील कारणांपैकी एक ठरलेलं असतं: प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाची परिस्थिती पुरेशी सिद्ध झाली नाही. त्यावर औषध एकच, नीट लिहिलेलं निमंत्रणपत्र. त्यात तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे, दौऱ्याच्या तारखा, काय शिकवणार, राहण्याची सोय कुठे, प्रवास-निवासाचा खर्च कोण करतं आणि सही करणाऱ्याचं पद हवं. कॉलेजच्या ना हरकत पत्रात याच तारखा आणि 'परतल्यावर त्याच पदावर रुजू होतील' हे वाक्य घाला. लेटरहेड, जावक क्रमांक, शिक्का, सगळं हवं.

नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्या सेवापुस्तकात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर क्रम निराळा, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर दोन्हींत आडनावंही निराळी. निमंत्रणपत्र, करार, विमा, तिकीट सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव चालवा. कॉलेजच्या पत्रात दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा खुलासा करून घ्या.

*परवानग्या कोणकोणत्या?*
– अनुदानित महाविद्यालयातील शिक्षक, लातूर

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत वर्षाला ३० दिवसांपर्यंत ड्यूटी लीव्हची तरतूद आहे आणि विद्यापीठाने पाठवलं असेल तर परदेशी विद्यापीठातलं कामही तीत बसतं. 'पाठवलं असेल तर' यावर जोर. स्वतः ठरवून गेलात आणि परतल्यावर अर्ज दिलात, तर ती तुमच्या हक्काच्या रजेतून जाईल. अर्ज प्राचार्यांमार्फत, निमंत्रणपत्र जोडून, निदान तीन महिने आधी द्या. फाईल पुढे कुठवर जाते ते आस्थापना विभागातल्या कारकुनाला विचारा, त्याला ते प्राचार्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

सरकारी महाविद्यालयात असाल तर आणखी एक पायरी आहे. विदेशी अंशदान कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सरकारी नोकराला परदेशी संस्थेकडून प्रवास-निवासाचा पाहुणचार घेण्याआधी केंद्र सरकारची परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन, एफसी-२ या नमुन्यात, निदान दोन आठवडे आधी, सोबत निमंत्रण आणि आपल्या खात्याची मंजुरी. हे कलम सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांनाही लागू आहे, म्हणून विद्यापीठातल्यांनी कुलसचिव कार्यालयाचं मत लेखी घ्यावं.

*पैसे कसे मिळतात? आधी खर्च मी करायचा का?*
– पत्ता नाही

बहुधा तिकीट तरी. प्रवासाची रक्कम अंतराच्या टप्प्यावर ठरलेली असते, तुमच्या तिकिटाच्या किमतीवर नाही. महाराष्ट्रातून जर्मनी, पोलंड, फ्रान्स हे सगळे ४००० ते ७९९९ किलोमीटरच्या टप्प्यात येतात. अंतर एका बाजूचं मोजतात, रक्कम जाण्यायेण्याची असते. महाग तिकीट काढलंत तर वरचा फरक तुमचा. राहण्याखाण्याचा दैनिक दर यजमान देशानुसार, चौदाव्या दिवसापर्यंत पूर्ण आणि पुढे ७० टक्के. पोचल्यावर किती आणि परतल्यावर किती, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं, म्हणून अनुदान करारातलं (पैशांबाबत तुमच्याशी होणारा वेगळा करार) ते कलम वाचूनच सही करा.

फॉर्ममध्ये आयबॅन (युरोपात चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागतात. भारतात आयबॅन नसतो. तिथे खाते क्रमांक लिहा, बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा ओळख कोड) आणि शाखेचा पूर्ण पत्ता द्या आणि 'भारतात आयबॅन पद्धत नाही' असं ईमेलमध्ये एका ओळीत कळवा. लहान गावातल्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, जवळच्या परकीय चलन शाखेचा वापरतात. तो शाखेतून लिहून आणा. रक्कम आली की बँक ती कशाची म्हणून विचारते, तेव्हा करार दाखवायचा. पैसे कॉलेजच्या ट्रस्टच्या खात्यात मात्र मागवू नका. त्यासाठी संस्थेला विदेशी अंशदानाची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं ठराविक खातं लागतं.

तिकडे कार्ड चालवताना यंत्र 'रुपयांत की युरोत?' विचारतं. युरोत.

*दोन वर्षांपूर्वी सामंजस्य करार झाला, वर्तमानपत्रात फोटोही आला. पुढे काहीच नाही. आता संस्थाचालक संयुक्त पदवी सुरू करा म्हणतात.*
– विभागप्रमुख, कोल्हापूर

फोटो आला ना, मग बहुतेक करारांचं काम तिथेच संपतं. करारात 'परस्पर सहकार्य वाढवणे' असलं काही असेल आणि दोन्हीकडच्या समन्वयकांची पदं, दरवर्षी किती जण जाणार-येणार, खर्च कोणाचा, मुदत किती हे नसेल, तर तो कपाटातच राहणार. नूतनीकरणाची वाट न पाहता एक पानी पुरवणी जोडा.

संयुक्त पदवीचं स्वप्न जरा थांबवा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय असा अभ्यासक्रम चालवायला भारतीय संस्थेचं नॅक मूल्यांकन (दर्जाचे गुण, चारपैकी) किमान ३.०१ हवं, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात जागा, किंवा सरकारने दिलेला 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स'चा दर्जा. समोरची संस्था क्यूएस किंवा टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवी. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांकडून प्रत्येकी किमान ३० टक्के श्रेयांक (क्रेडिट) मिळवावे लागतात. आणि संलग्न महाविद्यालय पदवी देत नाही, विद्यापीठ देतं, म्हणजे वाटाघाटींच्या टेबलावर तुम्ही एकटे बसूच शकत नाही.

त्याआधी श्रेयांकांचा हिशेब सोडवा, बोलणी अडतात ती इथेच. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस (तिथले श्रेयांक), एक म्हणजे २५ ते ३० तासांचा एकूण अभ्यास. आपल्या नव्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १२०० तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे एकाला ३० तास. तासांनी मोजलं तर आपला एक श्रेयांक म्हणजे साधारण एक ईसीटीएस. वर्षाच्या हिश्शाने मोजलं तर दीड. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचं गणित बरोबर वाटतं. एकच विषय घ्या, समजा चार श्रेयांकांचा. दोन्हीकडचा अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकांचे तास आणि परीक्षेची पद्धत शेजारी शेजारी मांडा आणि त्या एका विषयाची समतुल्यता अभ्यास मंडळाकडून मंजूर करून घ्या. पुढचा दौरा याच कामासाठी ठेवा आणि सोबत दुसरा तरुण शिक्षकही न्या, म्हणजे तुमची बदली किंवा निवृत्ती झाली तरी धागा तुटत नाही.

*मी ग्रंथपाल आहे. शिक्षकेतरांना जाता येतं का?*
– रत्नागिरी

येतं. त्याला 'स्टाफ ट्रेनिंग' म्हणतात. ग्रंथालय, परीक्षा विभाग, कुलसचिव कार्यालय, सगळ्यांना खुलं. आठ तास शिकवण्याची अट नाही, पाच दिवसांची मात्र आहे. दिवसवार कार्यक्रम मोबिलिटी अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहावा लागतो आणि 'ग्रंथालयाला भेट' पाच वेळा लिहून चालत नाही.

*परतल्यावर काय द्यायचं असतं?*
– जळगाव

यजमानांकडून उपस्थिती प्रमाणपत्र शुक्रवारी दुपारच्या आत हातात घ्या. त्यावर कामाची पहिली आणि शेवटची तारीख हवी आणि ती करारातल्या तारखांशी जुळायला हवी. नुसतं 'मे महिन्यात आले होते' चालत नाही. बोर्डिंग पास जपा, कारण १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटोची नोंद टप्प्याटप्प्याने आली आहे, त्यामुळे पासपोर्टवर दाखवायला शिक्का असेलच असं नाही. ईमेलने येणारी ऑनलाइन प्रश्नावली भरा, काही ठिकाणी उरलेला हप्ता त्यावरच अडतो. कॉलेजात पहिल्याच दिवशी रुजू अहवाल द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्या.