प्रोसेसर बदलायचा, तर मदरबोर्डही आलाच

प्रश्न : घरच्या कॉम्प्युटरमध्ये इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. याच बोर्डवर बाराव्या पिढीचा प्रोसेसर बसेल का? नसेल तर जुन्यातलं काय काय वापरता येईल?

उत्तर : बसणार नाही. तुमच्या बोर्डचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए ११५० आहे, बाराव्या पिढीला एलजीए १७०० लागतं. हा आकडा म्हणजे सॉकेटमधल्या पिनांची संख्या. पण आकडा जुळला म्हणजे काम झालं, असंही नाही. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेट ११५१च, तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर १०० किंवा २०० मालिकेच्या चिपसेटवर (बोर्डवरच्या मुख्य चिपवर) चालत नाही. म्हणून बोर्ड घेण्याआधी त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावर ‘सीपीयू सपोर्ट’ची यादी उघडा, आपला प्रोसेसर शोधा आणि त्याच्या ओळीत कोणतं बायोस (बोर्ड सुरू करणारं त्याच्यावरचंच सॉफ्टवेअर) व्हर्जन दिलंय ते टिपून ठेवा. बोर्डवरचं बायोस त्याहून जुनं निघालं, तर सगळं नीट जोडूनही स्क्रीन काळीच राहते. ‘बायोस फ्लॅशबॅक’ बटण असलेल्या बोर्डवर ही अडचण पेनड्राइव्हने सुटते.

आता जुन्या सामानाचं. रॅम बाद. डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ला २८८. डीडीआर५लाही २८८च, पण खाच दुसऱ्या जागी असल्याने ती डीडीआर४च्या स्लॉटमध्ये जात नाही. एलजीए १७००चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, पण एका बोर्डवर साधारणपणे एकच प्रकार. खोक्यावर वाचून घ्या. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या एएम५ सॉकेटचा बोर्ड घेतलात तर फक्त डीडीआर५.

जुना कूलरही बहुधा बाद, कारण एलजीए ११५०वर भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर आहे आणि १७००वर ७८. तीनच मिलिमीटर, पण तेवढ्यासाठी वेगळी क्लिप लागते. ओढूनताणून बसवू नका. दाब एका बाजूला पडतो आणि प्रोसेसर तापतो.

कॅबिनेट चालेल, फक्त बोर्डचा आकार बघा : पूर्ण एटीएक्स ३०.५ × २४.४ सेंटीमीटर, मायक्रो एटीएक्स २४.४ × २४.४. ब्रँडेड कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मात्र पॉवर सप्लायचा प्लग आणि समोरच्या बटणांच्या वायरी कधीकधी त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीच्या असतात, तेव्हा उघडून बघितल्याशिवाय काही मागवू नका. पॉवर सप्लायमध्ये २४ पिनी प्लगशिवाय प्रोसेसरसाठीचा ८ पिनी (४+४) प्लग हवा. जुन्यांत तो नुसता ४ पिनी असतो. तसा असेल आणि सप्लायला दहा-बारा वर्षं झाली असतील, तर तोही बदला. नव्या बोर्डला जुना सप्लाय लावणं ही चुकीच्या जागी केलेली काटकसर.

आणखी एक. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर इंटेलचा नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका. त्यात चित्र दाखवणारा भागच नसतो.

आणि विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल, तर आधी २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी) एसएसडी लावून आठवडाभर वापरून बघा. रखडण्याचं बरंचसं कारण तीच डिस्क असते. नंतर बोर्ड बदललात तरी एसएसडी कामाला येईलच.

प्रश्न : एएमडीचा बी५५० बोर्ड आणि रायझेन ५ ५६०० प्रोसेसर बसवला. पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही.

उत्तर : मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते आधी बघा. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डवरचं एचडीएमआय पोर्ट मुकंच राहणार. केबल ग्राफिक्स कार्डलाच हवी.

मग बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा ८ पिनी प्लग. तो राहून गेला तरी पंखे मजेत फिरतात, म्हणून शंका येत नाही. ग्राफिक्स कार्डचा ६+२ प्लगही तसाच दिसतो, पण पिनांचे साचे आणि वायरींची जुळणी वेगळी असते. जोर लावावा लागतोय म्हणजे प्लग चुकीचा.

रॅमची एकच पट्टी ठेवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबा. बऱ्याच बोर्डांना एकाच बाजूला खटका असतो. दुसरं टोक वर राहिलं तर लक्षात येत नाही.

एवढ्यावर भागलं नाही तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, ग्राफिक्स कार्ड, बस. ‘पॉवर स्विच’च्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की सुरू होतो. बाहेर चालतो आणि आत चालत नाही, तर जुन्या बोर्डसाठी लावलेला एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा छोटा खांब) बहुधा तसाच राहून नव्या बोर्डच्या मागच्या सोल्डरच्या डागाला टेकतोय. तेवढा काढा.

कूलर पुन्हा काढायची वेळ आली तर सरळ वर ओढू नका. एएम४ (बी५५०चं सॉकेट) मध्ये प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट धरून ठेवते आणि लॉक असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपसून येतो. त्याच्या पिना वाकतात. कूलर डावी-उजवीकडे हळू पिळून सैल करा, मग उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा.

प्रश्न : बोर्ड बदलल्यावर जुनं विंडोज तसंच चालेल?

उत्तर : विंडोज १० बरेचदा नव्या बोर्डवर उठतं, पण परवाना बोर्डशी जोडलेला असतो. रिटेल (वेगळा विकत घेतलेला) परवाना हलवता येतो. त्यासाठी बोर्ड काढण्याआधी तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवा. कॉम्प्युटरबरोबर आलेला ओईएम परवाना जुन्या बोर्डबरोबरच जातो. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर डिस्क उघडणार नाही.

तुमची डिस्क एमबीआर (डिस्कच्या विभागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत) पद्धतीची असेल आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआयने (बायोसच्या नव्या प्रकाराने) सुरू होत असेल, तर विंडोज दिसणारच नाही. जुन्या बोर्डवर असतानाच बॅकअप घेऊन एमबीआर२जीपीटी हे विंडोजमधलंच साधन चालवता येतं. पण ते चालवल्यावर जुना बोर्डही यूईएफआय मोडमध्येच सुरू करावा लागतो. विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलाय, तेव्हा नव्या बोर्डवर विंडोज ११ कोरं टाकणं जास्त सोयीचं. त्यासाठी बायोसमध्ये टीपीएम (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू करावं लागतं : इंटेलच्या बोर्डवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाखाली सापडेल.