बडोद्यात थाई खायला शाकाहारी सासू-सासऱ्यांना न्यायचंय, काय मागवावं?

साताऱ्याहून नुकत्याच बडोद्यात आलात, लेकीला वाढदिवसाला थाईच खायचंय, सोबत पूर्ण शाकाहारी सासू-सासरे, त्यातून सासऱ्यांना तिखट चालत नाही. तिथलं ‘व्हेज’ खरंच व्हेज असतं का आणि मागवायचं काय, असं तुम्ही विचारलंय. माझं माहेर-सासर दोन्ही बडोद्याचं, आणि घरात एक तरुण पिढी अशी आहे की प्रत्येक निमित्ताला थाई. त्यामुळे या बाबतीत थोडं बोलू शकते.

इथे दोन तऱ्हेच्या जागा आहेत. एक, पूर्ण शाकाहारी रेस्टॉरंट, जिथे मेन्यूत चायनीज, मेक्सिकन आणि इटालियनच्या शेजारी थाईचं एक पान असतं. वासणा, भायली, गोत्रीकडे अशी पुष्कळ. दुसरी, नॉनव्हेजही करणारी, बहुतेक मोठ्या हॉटेलांतली किंवा अलकापुरीच्या बाजूची. तुमच्या सासूबाईंचं मन शांत राहायला हवं असेल तर पहिल्या जागी जा. चव दुसऱ्या जागी सहसा बरी मिळते, पण तिथे प्रश्न विचारायची तयारी ठेवावी लागते.

प्रश्न कशासाठी? कारण थाई पदार्थात मासे तुकड्यांच्या रूपात नसले तरी मसाल्यात असू शकतात. आपण खारटपणासाठी मीठ वापरतो, तिथे बऱ्याच ठिकाणी फिश सॉस, म्हणजे मीठ लावून आंबवलेल्या माशांचं पाणी. ग्रीन, रेड, मसामन, कुठल्याही करीच्या वाटणात कोळंबीची आंबवलेली पेस्ट घालायची पद्धत आहे. परतलेल्या भाज्यांवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. टॉम यम सूपवर जो लाल तेलाचा तवंग दिसतो तो भाजलेल्या मिरचीच्या पेस्टचा, आणि त्या पेस्टमध्ये पारंपरिक कृतीनुसार सुके सोडे असतात. मग वरून भले पनीर नि ब्रोकोली टाका, वाटण बदललं नाही तर पदार्थ शाकाहारी झाला नाही. वेटरला ‘व्हेज आहे ना?’ विचारलंत तर तो ‘हो’ म्हणणारच. त्याच्या लेखी चिकन नाही म्हणजे व्हेज.

म्हणून नेमकं विचारा, आणि गुजरातीत विचारलंत तर उत्तर जास्त मोकळं मिळतं: “आमां फिश सॉस के ऑयस्टर सॉस नाखो छो?” (यात हे घालता का?) आणि “करी पेस्ट अहीं बनावो छो के तैयार डब्बानी?” दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. तयार डब्यांपैकी काहींत कोळंबी असते, काहींत नसते, आणि ते डब्यावर लिहिलेलं असतं. डबा आणून दाखवा म्हणायला लाजू नका. बडोद्यात अशा चौकशीची कुणाला नवलाई नाही, इथले बरेच ग्राहक जैन जेवण मागतात. जैनांवरून आठवलं: ग्रीन करीच्या वाटणात कांदा-लसणाबरोबर कोथिंबिरीची मुळं आणि गलांगल, म्हणजे आल्याच्या कुळातला एक कंद, हे मुख्य. ते काढल्यावर जी ‘जैन ग्रीन करी’ टेबलावर येते ती नारळाच्या दुधातली भाजी. चांगली लागू शकते, पण तिला थाई म्हणून चाखू नका.

आता शाकाहारी किचनची खोड. फिश सॉस गेला की त्याची खारट खोली भरून काढायला काहीतरी हवं. चांगला कुक सोया सॉस, मश्रूम, चिंच, लिंबू यांनी ती भरतो. आळशी कुक साखर आणि कॉर्नफ्लोअर घालतो. इथल्या थाईतला मला न आवडणारा भाग हाच, सगळं गोड आणि घट्ट, मंचुरियनचा हात थाईवर फिरल्यासारखं. ग्रीन करी आल्यावर आधी नीट बघा. चकचकीत, गुळगुळीत रस्सा असेल तर कॉर्नफ्लोअर आहे. कडेला थोडं तेल सुटलेलं, रस्सा सरसरीत असेल तर खूश व्हा, कारण नारळाचं घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवून त्यातच वाटण परतायची रीत आहे. तेल दिसलं म्हणून सासूबाई नाक मुरडतील, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

मागवायचं काय, ते सांगते. सासऱ्यांसाठी मसामन करी. थाई करींमध्ये ही सौम्य, बटाटा, शेंगदाणे, चिंचेचा आंबटपणा, आणि वाटणात वेलदोडा, दालचिनी, लवंग. मुसलमान व्यापाऱ्यांच्या स्वयंपाकाची छाप तिच्यावर आहे. मराठी जिभेला ही करी परकी वाटत नाही, पहिल्या घासाला म्हातारी माणसं चेहरा वाकडा करत नाहीत. सोबत साधा वाफवलेला भात. फ्राइड राइस मागवू नका, करीची चव त्यात हरवते आणि पोट उगाच भरतं.

लेकीसाठी पॅड थाई, म्हणजे तांदळाच्या परतलेल्या नूडल्स, ठीक आहे. मुलांना आवडतंच. हा पदार्थ फार जुना नाही. १९३८ ते १९४४ या काळात थायलंडचे पंतप्रधान असलेल्या फिबुन सोंगक्राम यांच्या सरकारने राष्ट्रीय खाणं म्हणून त्याचा प्रचार केला. देशाचं नाव सयामचं थायलंड झालं तेही याच काळात, १९३९ मध्ये. मुळात त्यात अंडं असतं, तेव्हा नको असेल तर सांगा. आंबटपणा चिंचेचा हवा. प्लेट लालभडक आली तर बाटलीतला सॉस पडलाय असं समजा. बाजूला दाण्याचा कूट, लिंबाची फोड, लाल तिखट आणि साखर यायला हवी, आणि ते प्रत्येकाने आपल्या ताटात आपल्या चवीने घालायचं. एवढ्यानेच तिखट न खाणारे आणि खाणारे एका टेबलावर जमतात.

सोम तम, कच्च्या पपईची कोशिंबीर, जरूर घ्या. बडोद्यात राहून फाफड्याबरोबर संभारो, म्हणजे कच्च्या पपईचा परतलेला कीस, खाल्ला असेलच. पपई तीच, पण सोम तममध्ये ती उखळात लसूण, मिरची, लिंबू, गूळ आणि दाण्यांबरोबर ठेचतात. सोडे आणि फिश सॉस घालू नका, हे सांगायला विसरू नका. आणि मिरच्या ‘एक’ सांगा. ‘मीडियम’ म्हटलंत तर कुकचं मीडियम येतं.

टॉम यमबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. कोळंबीचं टॉम यम २०२४ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं, पण शाकाहारी टॉम यम इथे बहुतेकदा आंबट गरम पाणी होतं. सूप हवंच असेल तर ‘टॉम खा’ नावाचं सूप घ्या. नारळाच्या दुधामुळे शाकाहारी रूपातही त्याला अंग राहतं. दोन्हींत गवती चह्याचे दांडे, गलांगलच्या चकत्या आणि लिंबाच्या जातीची जाड पानं तरंगत असतात. ती चावायची नसतात, कढीपत्त्यासारखी बाजूला काढायची. सासऱ्यांना हे सांगा, नाहीतर दातात अडकलेला दांडा घेऊन पुढचं जेवण होईल.

एक गोष्ट ऑर्डर देताना स्पष्ट सांगा: सगळं एकदम आणा. आधी स्टार्टर, मग सूप, मग मेन कोर्स असं वेटर लावून देतो, आणि करी येईपर्यंत स्प्रिंग रोलवर पोटं भरलेली असतात. थाई घरांत भात मधे आणि दोन-तीन पदार्थ सगळ्यांत मिळून असतात. चौघांना एक करी, एक कोशिंबीर, एक नूडल्स, एक परतलेली भाजी आणि भात भरपूर. चॉपस्टिक मागायची गरज नाही, भात तिकडेही चमच्यानेच खातात. काट्याने घास चमच्यात लोटायचा एवढंच.

गोडात मँगो स्टिकी राइस फक्त एप्रिल ते जूनमध्ये. इतर महिन्यांत डब्यातला आंबा येतो. त्यातल्या नारळाच्या दुधात किंचित मीठ असतं, ते चुकून पडलेलं नसतं.

शनिवारी-रविवारी रात्री साडेआठनंतर बडोदं जेवायला बाहेर पडतं. तुम्ही सातला जा. तेव्हा टेबल मिळतं, आणि कुकही मोकळा असतो, डब्यावरचं वाचून दाखवायला बाहेर येतो.