मागच्या रांगेसकट

तुमचा प्रश्न असा आहे: शहरातल्या सगळ्या डान्सर मंडळींना एकत्र आणून एकच मोठा ग्रुप फोटो काढायचाय, शंभर-सव्वाशे लोक होतील, तर लेन्स कुठली घ्यावी आणि एवढ्या लोकांना उभं कसं करावं?

लेन्सचं सांगते, पण ते शेवटी. असा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यापाशी पोचायच्या आधीच, यादी करताना. ‘सगळ्या’ हा शब्द तुम्ही सहज लिहिलाय. त्या शब्दावरून माझं आणि माझ्या एका मैत्रिणीचं जे भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी आयुष्यभर मागच्या रांगेत नाचले. गायकांच्या कार्यक्रमात त्यांच्या मागे, नृत्यनाट्यात गावकरी म्हणून, पुरस्कार सोहळ्यात कुणा नटाच्या डाव्या खांद्याआड. मला त्याची लाज नाही, अभिमान आहे. मागची रांग एका रेषेत नसेल तर पुढचा कितीही चांगला नाचू दे, स्टेज विस्कटलेलंच दिसतं.

तर फोटो काढायची कल्पना आम्हा दोघींची. मैत्रीण स्वतःची नृत्यसंस्था चालवते, तिच्या ओळखी मोठ्या. डोळ्यांसमोर नमुना होता तो फोटोग्राफर आर्ट केन यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काढलेल्या जॅझ वादकांच्या फोटोचा. १२ ऑगस्ट १९५८, सकाळी दहाची वेळ, १२६व्या रस्त्यावरच्या एका घराच्या पायऱ्या आणि ५७ वादक. रात्रभर वाजवणारी माणसं सकाळी दहाला येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, तरी आली. आल्यावर मात्र एकमेकांना भेटण्यातच रमली, आणि केन बिचारे वर्तमानपत्राची गुंडाळी तोंडाशी धरून ओरडत राहिले. जॅझचे नामवंत पियानोवादक आणि बँडप्रमुख काउंट बेसी उभे राहून दमले आणि फुटपाथच्या कडेला गल्लीतल्या मुलांशेजारी जाऊन बसले. फोटोत ते तिथेच आहेत. एवढा मोठा माणूस, आणि बसलाय मुलांच्या ओळीत! मला तो फोटो आवडतो तो याचसाठी. मैत्रिणीला तो आवडायचा कारण त्यात ‘सगळी मोठी नावं’ आहेत. एकाच फोटोत आम्ही दोघी दोन वेगळ्या गोष्टी बघत होतो, आणि पुढचा सगळा वाद त्यातूनच उगवला.

तिची यादी तयार होती. संस्थाचालक, त्यांचे ज्येष्ठ शिष्य, दोन-चार नामवंत नृत्यदिग्दर्शक. कथक, भरतनाट्यम, थोडं कंटेम्पररी. ब्रेकिंगवाली मुलं नाहीत (ब्रेकिंग म्हणजे हिप-हॉपमधला, जमिनीवर हातांच्या आधाराने फिरत करायचा नाच), साल्सा शिकवणारे नाहीत, बॅकअप डान्सर तर नाहीतच. म्हणाली, “अगं, त्यांना बोलावलं तर फोटोची पातळी राहत नाही, गर्दी होते नुसती.” मी विचारलं, “मग मी कुठे उभी राहू?” तर म्हणे, “तुझं वेगळं, तू आयोजक आहेस.”

हे ‘तुझं वेगळं’ मला फार लागलं. मी तिला तेव्हा सांगितलं आणि तुम्हालाही सांगते: शहराचा फोटो काढताय म्हणता ना, मग पातळी ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. फक्त नामवंतांचा काढायचा असेल तर खुशाल काढा, पण मग खाली शहराचं नाव घालू नका. १९९८ मध्ये फोटोग्राफर गॉर्डन पार्क्स यांनी हार्लेमच्या त्याच रस्त्यावर हिप-हॉपच्या कलाकारांना गोळा करून फोटो काढला. ज्या कलेला कालपर्यंत रस्त्यावरचा गोंगाट म्हणत होते, तीच त्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. ब्रेकिंग २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकपर्यंत गेलं. आणि आमच्या यादीत त्याला जागा नव्हती!

शेवटी यादी मी माझ्या हाताने नव्याने केली. इथे तुमच्या उपयोगाचं एक सांगते. संस्थांना निरोप पाठवून थांबू नका. संस्थाचालक आपापली मुलं आणतात, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट घालतात आणि फोटोत पाच जाहिराती शेजारी शेजारी उभ्या राहतात. प्रत्येक नृत्यप्रकारातला असा एक माणूस गाठा, ज्याचा स्वतःचा क्लास नाही पण ज्याला सगळे ओळखतात. बहुतेक वेळा तो रिहर्सलची जागा सांभाळणारा असतो, नाहीतर कपडे शिवणारा. कुणी नाचणं सोडलं, कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण गाव सोडून गेलं, हे सगळं त्याच्यापाशी असतं. आणि फोन करा. ग्रुपवर टाकलेला मेसेज सगळे बघतात आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असं समजून पुढे जातात.

असा एक फोन मी एका बाईंना केला. एकेकाळी त्या फार सुंदर नाचायच्या. मग गुडघे गेले आणि नाच बंद झाला. फोनवर आधी शांतता, मग म्हणाल्या, “मी आता नाचत नाही गं. चालेल?” चालेल म्हणजे काय! त्या आल्या, केस नीट बांधून, पायात साध्या चपला. पायऱ्यांपाशी थांबल्या आणि आजूबाजूच्या पंचविशीतल्या पोरांकडे बघत राहिल्या. त्यातल्या एका ब्रेकिंगवाल्या मुलाने मनगटाला पट्टी गुंडाळता गुंडाळता त्यांना विचारलं, “मॅडम, तुमचे गुडघे कशाने गेले?” दोघं खाली बसून गुडघ्यांवर बोलायला लागले. वॉर्म-अप कसा करायचा, कठीण फरशीवर नाचल्याने काय होतं, पट्टी कुठून कशी बांधायची. त्याने पट्टीचं टोक दातात धरलं होतं आणि त्या बोटाने त्याला दाखवत होत्या, इथून नको, जरा खालून घे. नृत्यप्रकारांचा संवाद व्हावा म्हणून लोक परिसंवाद भरवतात. इथे दुखऱ्या गुडघ्याने तो दोन मिनिटांत सुरू केला.

उभं करण्याचा प्रश्न तुम्ही विचारलाय, तर त्याचं उत्तर पायऱ्या. सपाट जमिनीवर शंभर माणसं उभी केलीत की मागच्या साठांचे फक्त केस दिसतात. रुंद पायऱ्या शोधा, एखाद्या नाट्यगृहाच्या नाहीतर ग्रंथालयाच्या, आणि परवानगी लेखी घ्या. पुढे खुर्च्या मांडू नका. मैत्रिणीला पहिल्या रांगेत खुर्च्या हव्या होत्या, मानकऱ्यांसाठी. खुर्च्या मांडल्या की कोण बसणार यावरून रुसवेफुगवे सुरू, आणि त्यात सगळी सकाळ जाते. आम्ही नियम केला, ज्याला उभं राहवत नाही तो खालच्या पायरीवर बसेल. गुडघा हा एकच निकष. एका फार मोठ्या नर्तकाने आपणहून सगळ्यात वरची पायरी गाठली, कारण ते उंच होते. बाकीच्यांची तोंडं तिथेच बंद झाली.

आणि पोझ देऊ देऊ नका. डान्सरला कॅमेरा दिसला की तो आपोआप तिरका होतो, हनुवटी वर, वजन मागच्या पायावर. एखादा देईल तर शोभतं. सव्वाशे जणांनी दिली की प्रत्येकजण शेजाऱ्याला झाकतो, आणि फोटोत नाचसुद्धा दिसत नाही, स्पर्धा दिसते. आमच्याकडे दोघातिघांना उडी मारायची होती. मी नाही म्हटलं, ते चिडले, मी तरी नाही म्हटलं. आम्ही सगळ्यांना सांगितलं, नुसतं मार्किंग करतोय असं समजून उभे राहा. रिहर्सलमध्ये ताकद न लावता जागा तेवढ्या दाखवतो ना, तसं. खांदे झर्रकन खाली आले. नाचणारी माणसं नुसती उभी राहिली तरी कळतं की ती नाचणारी आहेत. पाय सांगतात.

डोळे मिटण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. ऑस्ट्रेलियातल्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी याचं गणित मांडलं आणि त्याला २००६ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. वीसपेक्षा कमी माणसं आणि चांगला उजेड असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, तेवढे फोटो काढा, मग एखाद्यात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतील. माणसं पन्नासच्या आसपास गेली की त्यांच्या हिशोबाने आशाच सोडायची. पण डान्सर मंडळींपाशी एक सोय आहे जी इतरांपाशी नसते, त्यांना काउंट कळतो. फोटोग्राफर ओरडला, “डोळे मिटा! फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!” एटला डोळे उघडायचे आणि वनला क्लिक. वन म्हणजे कथकवाल्यांची सम, तालाची पहिली मात्रा. ती चुकवायची कुणाचीच तयारी नसते. सगळा जमाव एका क्षणी जागा होतो. तरी एखाददुसरा राहतोच, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट ठेवून भरपूर फ्रेम घ्या, मिटलेले डोळे दुसऱ्या फ्रेममधून बदलता येतात. मात्र जो आलाच नाही त्याला नंतर चिकटवू नका. हार्लेमच्या त्या फोटोत पियानोवादक विली ‘द लायन’ स्मिथ नाहीत, कारण दमून ते शेजारच्या घराच्या पायरीवर बसले होते आणि निवडलेली फ्रेम नेमकी तेव्हाची निघाली. नाहीत तर नाहीत.

आता लेन्स. फार वाइड घेऊ नका, कडेची माणसं फुगतात, चेहरे ओढल्यासारखे दिसतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (म्हणजे ज्याचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा असतो) ३५ ते ५० मिमी, आणि तुम्ही मागे जा. जमलं तर समोर उंचावर, शिडीवर नाहीतर बाल्कनीत. अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११, फोकस पुढून साधारण एक तृतीयांश रांगांवर. शटर १/२०० च्या खाली नेऊ नका, माणसं डुलत असतात. ढगाळ हवा सगळ्यात छान, नाहीतर मोकळी सावली. ऊन तोंडावर घेऊन कुणी डोळे उघडे ठेवू शकत नाही. वार शक्यतो असा धरा की त्या दिवशी प्रयोग नसतील, आणि वेळ सकाळची, कारण संध्याकाळी सगळ्यांचे क्लास असतात. नोकरी करून नाचणाऱ्यांना मात्र तारीख महिनाभर आधी सांगा. त्यांना रजा मागावी लागते.

साथीदारांनाही बोलवा. तबलेवाले, गाणारे, दिवे सांभाळणारे. यावरही मैत्रिणीची कुरकुर होती, ‘ते कुठे नाचतात?’ रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ बघा, १६४२ चं. शहर राखणाऱ्या तुकडीचं ते समूहचित्र. त्यात दिसायला सभासदांनी पैसे मोजले होते, ज्याची जागा ठळक त्याचे जास्त. चित्रात मागे ढालीवर सभासदांची नावंसुद्धा आहेत. आणि उजव्या कडेला एक ढोलवाला आहे, भाड्याने आणलेला, दमडी न दिलेला. पण तो नसता तर ती तुकडी निघाली आहे असं वाटलं असतं का? आमच्या फोटोत तबलेवाले काका उजव्या कडेलाच उभे आहेत. हा योगायोग नाही. मी त्यांना हाताला धरून तिथे नेलं.

त्याच चित्राची दुसरी गोष्ट मला जास्त छळते. १७१५ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवलं. ठरलेल्या भिंतीवर मावेना, म्हणून चारही बाजूंनी कापलं. सगळ्यात जास्त डावीकडून, आणि त्या पट्टीबरोबर तिथली माणसंही गेली.

आमचा फोटो छान आला. मग मैत्रिणीने तिच्या संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमाच्या बॅनरवर तो छापला. बॅनर आडवा आणि अरुंद. वरच्या तीन पायऱ्या उडवल्या. वरच्या पायऱ्यांवर कोण होतं? उंच मुलं, उशिरा आलेले, आणि बॅकअप डान्सर, कारण ते सवयीने आपणहून मागे जाऊन उभे राहिले होते. मी फोन केला तर म्हणाली, “आकारात बसत नव्हतं गं, मुद्दाम नाही केलं.” मुद्दाम नसेलही. पण कापायची वेळ आली तेव्हा कात्री बरोबर तिथेच गेली, आणि हे तिला खटकलंसुद्धा नाही. आकारात बसत नव्हतं तर बॅनर मोठा करायचा.

म्हणून फोटोग्राफर आणि आयोजक दोघांकडून आधी लिहून घ्या की हा फोटो कुठेही छापताना कापायचा नाही. बॅनरसाठी, मोबाइलसाठी वेगळ्या आकाराच्या फ्रेम त्याच दिवशी काढून ठेवा, म्हणजे कुणाला सबब राहणार नाही. रांगेगणिक डावीकडून उजवीकडे नावं त्याच जागी लिहून घ्या. एक माणूस कागद घेऊन त्याच कामाला ठेवा, घरी जाऊन आठवू म्हणाल तर अर्धी नावं गेली. लहान मुलं असतील तर पालकांची लेखी संमती हवी. काहीजण घरी न सांगता नाचतात, त्यांना फोटो कुठे कुठे जाणार ते आधी स्पष्ट सांगा आणि नाही म्हणाले तर आग्रह करू नका. शहर फार मोठं असेल तर ‘सगळे’ जमणारच नाहीत, हेही खरं. तेव्हा जे आले त्यांचा फोटो असं लिहा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा.

मैत्रीण या वर्षी परत काढू म्हणतेय. मी हो म्हटलंय, यादी माझ्याकडे राहणार या अटीवर.