आधी कृपा, मग बाकीचं

तुझा प्रश्न वाचला: रोज प्रार्थना चुकते, उपवास मोडतो, मग देव आपल्यावर नाराज आहे असं वाटतं. सुरुवातीची बरीच वर्षं मीही असाच हिशेब ठेवत होतो. दिवस नीट गेला की देव जवळ, चुकलो की दूर. फार दमवणारं असतं ते. कृपा म्हणजे देवाचं न कमावता मिळालेलं प्रेम; ते अशा हिशेबावर चालत नाही.

आत्ता एवढंच कर:

- बायबलच्या नव्या करारातलं, प्रेषित पौलाने लिहिलेलं गलतीकरांस पत्र वाच. सहाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. ख्रिस्तावर विश्वास ठेवलेल्यांवर सुंतेची सक्ती होऊ लागली, तेव्हा पौल किती कळवळून लिहितो ते पाहा.
- लूकच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायात उधळ्या मुलाची गोष्ट आहे, त्यातला थोरला मुलगा नीट बघ. घरातच राहिला, आज्ञा कधी मोडली नाही, पण बापाजवळ चाकरासारखा वावरला. मला स्वतःची ओळख तिथे पटली.
- चूक झाली की लपू नकोस, त्याच क्षणी प्रार्थनेला बस. शिक्षा म्हणून जादा उपवास तर मुळीच नको.

नवीन माणूस हमखास दोन ठिकाणी घसरतो. एक, कृपेचाही नियम करतो: ‘आज मला मोकळं वाटलंच पाहिजे’. दुसरं, कृपा म्हणजे काहीही चालतं असं धरतो. पौलाच्याच रोमकरांस पत्राचा 6वा अध्याय त्यावरच आहे. नियमशास्त्राचा (मोशेच्या नियमांचा) खोल अभ्यास सध्या राहू दे. गलतीकरांस वाचून झालं की कुठे अडलास ते लिही.