पहिल्या भेटीला जाण्याआधी

अगं, अत्याचार सोसलेल्या बाईला पहिल्यांदा भेटायला निघालीस की प्रशिक्षणाची फाईल घरीच ठेव, पण एवढं लक्षात ठेव: "नक्की काय झालं ते सगळं सांगा" असं पहिल्या भेटीत म्हणायचं नाही. मन मोकळं केलं की बरं वाटतं, हा आपल्याकडचा लाडका समज. अत्याचाराच्या प्रसंगानंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने फायदा होत नाही, काहींना उलट त्रासच वाढतो. आधी हे बघ: ती जेवली का, आज रात्री कुठे झोपणार, मारणारा त्याच घरात आहे का.

सोलापूरच्या पूर्व भागात गेलीस की भाषेचं भान ठेव. विडी वळणाऱ्या कितीतरी बायका मराठी छान बोलतात, पण दुखणं तेलुगूतच बाहेर येतं, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये. दुभाषी म्हणून सासू नको, शेजारीण नको आणि शाळकरी मुलगी तर मुळीच नको. विड्या कारखान्यात द्यायची वेळ विचारूनच जा, नाहीतर तिची मजुरी बुडते.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. हे आधीच सांग.

झोप उडणं, दचकणं सुरुवातीला अनेकांना होतं. महिना उलटूनही कमी झालं नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे ने; मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही दे, फोन मोफत आहे. फक्त कागदावर लिहून देण्याआधी विचार, तो घरात कुणी पाहिला तर चालेल का.