‘बाबा फिरायला जातच नाहीत’

“मॅडम, डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं, पण बाबा ओसरीवरून उठतच नाहीत.” भंडारा-गोंदियाकडच्या खेड्यांतून येणाऱ्या मुला-सुनांकडून हे मी इतक्यांदा ऐकते, की आता लिहायलाच हवं. साकोली तालुक्यातल्या एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

काकांनी सत्तरी ओलांडलेली. धानाची शेती मुलाच्या हाती दिलेली, काकू गेल्याला वर्ष झालेलं. जेवण कमी, झोप तुटक. मुलाने हौसेने आणलेले बूट खोक्यातच होते.

“काका, पाय दुखतात का?”

“नाई.”

“मग?”

बराच वेळ खाली बघत राहिले. “मी का रिकामटेकडा आहो का फिराले? लोक का म्हनतील? बुढ्याले काम नाई, म्हनून हिंडून रायला.”

गाठ इथे होती. हा माणूस आयुष्यभर रानात गेला तो सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपत्त्याला, नाहीतर चुकलेलं जनावर शोधायला. चालण्यासाठी चालणं हे त्याच्या लेखी शहरातल्या साहेबांचं. आपण ‘फिरा’ म्हणतो आणि त्याला ऐकू येतं, ‘तुमचं काम संपलं’. हे उमगल्यापासून मी खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना फिरायला सांगत नाही. काम सांगते.

पुढच्या भेटीत चौथीतल्या नातवाला बोलावलं. “काका, याला येनाचं झाड कोणतं नि बिजाचं कोणतं, कळत नाही.”

काकांनी मान वर केली. “मंग शाळेत शिकवतेत का?”

मालगुजारी तलावाच्या पाळीवरून गावालगतच्या झुडपी जंगलाच्या कडेपर्यंत आजा-नातू जाऊ लागले. बूट खोक्यातून निघाले, लेस नातू बांधून देई. काही आठवड्यांनी मीही सोबत गेले. काकांनी पोराचा हात येनाच्या सालीवर ठेवला, मगरीच्या पाठीसारखे चौकोनी खवले बोटांनी मोजायला लावले. पुढे एका मोहाखाली थांबले. माझ्याकडे न बघता काठीने पाला सारत म्हणाले, “हा मोहा आमचा. थे फुलं वेचे, मी टोपल्या उचलो. थे गेल्यावर इकडं आलोच नोतो.” मग परत येईपर्यंत काकूंबद्दलच बोलत होते.

समोरासमोरच्या खुर्च्यांत हे निघालं नसतं. शेजारी चालताना नजर वाटेवर असते, बोलणाऱ्याला संकोच होत नाही. मन उभारी धरेल, मग पाय उचलतील, असं म्हणत मी थांबत नाही. पाय आधी, मन मागून येतं, हा माझा जुना विश्वास आहे. त्या दिवशी तो खरा ठरताना पाहिला, याचं समाधान आहे.

मुलांची दुसरी काळजी जंगली जनावराची. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाशेजारच्या गावांत ती रास्तच आहे. एकट्याने जाऊ नये, चांगलं उजाडल्यावर निघावं, मोठ्याने बोलत चालावं, झुडपांत वाकून-बसून राहू नये. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला जाणं टाळाच. वाघ फिरतोय अशी वनविभागाची सूचना असेल, तर गावातल्या रस्त्यावरच चाला. पावसाळ्यात उंच गवतात पाय नको. मे महिन्यात ऊन तापायच्या आत घरी.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, पण सुरुवात दहा मिनिटांनीही चालेल. चालता चालता बोलता यावं, एवढाच वेग ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी निघू नका, खिशात साखर ठेवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा.

आणि दोन आठवडे उलटूनही भूक-झोप परतली नाही, किंवा ‘आता जगून का करू’ असं तोंडून आलं, तर नुसत्या चालण्यावर भागवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक लागतो, मराठीतही बोलता येतं.